वारिस हुसेन यांना ‘डॉक्टर हू’चे पुरेसे श्रेय मिळाले आहे का?

चौकस (धागाकर्ता):
२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या, ‘डॉक्टर’ नावाच्या कालप्रवाशाच्या विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौला जन्मलेले आणि लहानपणीच इंग्लंडला गेलेले होते, आणि त्या वेळी त्यांना पंचविशीही गाठायची होती. या मालिकेचा इतिहास सांगताना कल्पनेचे श्रेय बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना आणि निर्मितीचे व्हेरिटी लॅम्बर्ट यांना दिले जाते, आणि हुसेन यांची बोळवण ‘भारतीय वंशाचे पहिले दिग्दर्शक’ एवढ्या एका ओळीवर होते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीबीसीच्या लंडनमधील लाइम ग्रोव्ह चित्रनगरीतला ‘स्टुडिओ डी’ जुना, अडचणीचा आणि दिव्यांच्या उष्णतेने तापणारा होता. टेप कापून जोडणे खर्चाचे असल्यामुळे चित्रण जवळजवळ सलगच करावे लागे. तरीही पहिल्या भागाची सुरुवात पाहा. धुक्यात पोलीस विजेरीचा झोत टाकत जातो, भंगाराच्या आवाराचे फाटक उघडते, कॅमेरा अडगळीतून आत सरकतो आणि गुणगुणणाऱ्या निळ्या पोलीस-पेटीपाशी, म्हणजे पेटीच्या रूपातल्या डॉक्टरच्या यानापाशी, थांबतो. तोवर कोणी काहीच समजावून सांगितलेले नसते, तरी इथे काहीतरी विपरीत आहे हे प्रेक्षकाला कळून चुकते. पुढे मोटारीत बसलेले दोन शिक्षक सुझन या आपल्या विद्यार्थिनीविषयी, म्हणजे डॉक्टरच्या नातीविषयी, बोलत असताना वर्गातले प्रसंग आठवतात. त्यांत शिक्षकांचा नुसता आवाज येतो आणि सुझन थेट आपल्याकडे पाहत उत्तर देते. सलग चित्रणात तेच नट दोन ठिकाणी असू शकत नाहीत, ही अडचण त्यांनी अशा रीतीने सोडवली की त्या मुलीचे परकेपण अधिकच अंगावर येते. दिग्दर्शन म्हणतात ते हेच.

अनुराधा:
मी असहमत आहे. पहिला भाग उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु त्याच कथेचे उरलेले तीन भाग आदिमानवांच्या टोळीत आणि अग्नीच्या भांडणात अडकून पडतात, आणि तेही हुसेन यांचेच आहेत. पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला. मालिकेची प्रेक्षकसंख्या कोटीच्या घरात गेली ती दुसऱ्या कथेतल्या डॅलेक या यंत्रासारख्या परग्रहवासी शत्रूंमुळे, आणि त्या कथेचे दिग्दर्शक क्रिस्टोफर बॅरी आणि रिचर्ड मार्टिन होते. डॅलेकचे रूप रेमंड क्युसिक यांनी घडवले, तर शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांच्या रचनेवरून डेलिया डर्बिशायर यांनी ध्वनिफितींचे तुकडे जोडून साकारले. इतक्या हातांनी उभ्या राहिलेल्या वस्तूवर एकाच दिग्दर्शकाची मुद्रा शोधणे मला पटत नाही.

शिवाय पहिल्या भागाचे आधीचे चित्रण न्यूमन यांनी नापसंत केले आणि १८ ऑक्टोबर १९६३ रोजी तो पुन्हा चित्रित करावा लागला, ही बाब आपण गाळली आहे. डॉक्टरचा तुसडेपणा कमी करून त्याला थोडा मिश्कील करणे ही न्यूमन यांची सूचना होती.

चौकस:
ते नापसंत झालेले चित्रण आजही उपलब्ध आहे आणि ते मी मुद्दाम पाहिले आहे. त्यात यानाचे दार नीट बंद होत नाही, विल्यम हार्टनेल या नटाचा डॉक्टर फारच कठोर वाटतो आणि सुझन आपण ४९व्या शतकात जन्मलो असे सांगते. मात्र सुरुवातीचा प्रवेश आणि वर्गातली मांडणी दोन्ही चित्रणांत आहे. न्यूमन यांनी पात्रे आणि संहिता सुधारायला लावली, पण हुसेन यांची दृश्यरचना त्या कठोर तपासणीतून तावूनसुलाखून निघाली.

निशाद:
‘मार्को पोलो’चा विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहितो. याच मालिकेतली, मुख्यतः हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली १९६४ची ही सात भागांची कथा मंगोल साम्राज्यात घडते, तरी कुब्लाई खान आणि तेगाना या प्रमुख भूमिका गोऱ्या नटांनी रंगवल्या. ब्रह्मदेशात जन्मलेल्या झिनिया मर्टन यांची पिंग-चो हा ठळक अपवाद होता. आशियाई दिग्दर्शक असूनही हे घडले, याची नोंद वारशात व्हायला हवी.

चौकस:
व्हायलाच हवी. तेव्हाच्या बीबीसीत ही सर्रास चाललेली रीत होती आणि हुसेन नवखे होते. यातून ते का घडले हे कळते, मात्र ते योग्य ठरत नाही.

त्याच कथेविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. बीबीसीने नंतर जुन्या टेप पुसल्या आणि ‘मार्को पोलो’चा एकही भाग उरला नाही. त्या काळी जॉन क्युरा हे गृहस्थ दूरचित्रवाणीच्या पडद्याची ओळीने छायाचित्रे काढून कलावंतांना विकत असत. हुसेन यांनी आपल्या सहा भागांची छायाचित्रे जपून ठेवली होती, म्हणून ते भाग कसे दिसत होते हे आज कळते. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांचा होता आणि त्याची अशी छायाचित्रेच मिळत नाहीत.

अनुराधा:
छायाचित्रांवरून चौकट कळते, गती कळत नाही, आणि ध्वनिमुद्रणे आहेत तीही प्रेक्षकांनी घरी केलेली. एवढ्या सामग्रीवर मी तरी ‘मार्को पोलो’च्या दिग्दर्शनाला चांगले किंवा वाईट म्हणणार नाही. माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरची ‘शोल्डर टू शोल्डर’ (१९७४), बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवणारी ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’ (१९७८) आणि मुंबईतल्या पारशी कुटुंबावरचा, फिरदौस कांगा यांनीच लिहिलेला आणि त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला ‘सिक्स्थ हॅपिनेस’ (१९९७) ही ज्यांची कामे आहेत, त्यांना आपण १९६३च्या एका भागात कोंडून ठेवतो. यांतल्या ‘शोल्डर टू शोल्डर’ची निर्मिती व्हेरिटी लॅम्बर्ट यांचीच होती. निळ्या पेटीचे नावही नसलेल्या विषयासाठी, अकरा वर्षांनंतर, त्यांनी पुन्हा हुसेन यांनाच बोलावले. त्यांच्या योग्यतेचा पुरावा म्हणून मला त्या पहिल्या भागापेक्षा हे बोलावणे अधिक वजनदार वाटते.