'दुय्यम' प्रतिपिंड की 'दुसरे'?

पाटीपेन्सिल: भाचीच्या प्रबंधाचा मराठी गोषवारा तपासतेय. फ्लो सायटोमेट्रीला (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन मोजायची पद्धत) तिने 'प्रवाही पेशीमापन' केलंय, चालून जाईल. पण सेकंडरी अँटिबॉडीचं 'दुय्यम प्रतिपिंड' खटकतं. त्यात 'गोट अँटि-माउस'चं झालंय 'शेळीचे उंदीरविरोधी प्रतिपिंड'. मला तर वाण्याकडची उंदराच्या औषधाची पुडी आठवली!

चष्मेवाला: ताई, 'दुय्यम' फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ 'दुसरा'. पुढे 'दुय्यम निबंधक', 'दुय्यम दर्जा' असं करत कमीपणा चिकटला. इथे उतरंड नाही, क्रम आहे. पहिलं प्रतिपिंड पेशीवरच्या प्रथिनाला जाऊन बसतं, पण ते बिनरंगाचं. रंग असतो दुसऱ्याच्या अंगावर, आणि ते पहिल्याला धरतं. एका पहिल्यावर अशी अनेक बसू शकतात, म्हणून उजेडही वाढतो. आता यात कमी दर्जाचं कोण? मी सरळ 'दुसरे प्रतिपिंड' लिहीन. 'द्वितीयक' हिंदी वळणाचं वाटतं.

निळीबाटली: रोज हेच करते. आमच्यात 'सेकंडरी टाकली का?' एवढंच. मग नळ्या बर्फात आणि वर फॉइल, कारण उजेडाने रंग उडतो. एफआयटीसी या रंगावर 488 नॅनोमीटरचा निळा लेसर पडला की तो 520च्या आसपास हिरवा उजळतो. लेसर हटला की संपलं. म्हणून अशा फ्लुओरेसंट रंगाला 'अनुस्फुरण' नको. 'अनु' म्हणजे मागाहून. दिवा घालवल्यावर छतावर चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या चांदण्यांना ते शोभेल. 'प्रतिदीप्त' घ्या, प्रकाशाला प्रकाशाने उत्तर.

खरी गोची उंदराची आहे. प्रयोगशाळेत माउस वेगळा, रॅट वेगळा, आणि पहिलं प्रतिपिंड ज्याच्यात तयार केलंय त्याप्रमाणे सेकंडरीही वेगळी. मराठीत दोघेही उंदीर! रॅटला घूस म्हणावं, तर ती तिसरीच. आमच्याकडे एका नव्या मुलाने वहीत नुसतं 'उंदीर' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी अँटि-रॅटची बाटली उचलली. पहिलं प्रतिपिंड माउसचं. रंग बसलाच नाही, आलेख जागचा हलला नाही. सगळी दुपार गेली. तेव्हापासून मी माउस, रॅट तसेच ठेवते.

पाटीपेन्सिल: भाचीचं माउसच आहे. मग 'माउसच्या प्रतिपिंडाला धरणारे, शेळीत तयार केलेले, प्रतिदीप्त दुसरे प्रतिपिंड'? धाप लागली.

चष्मेवाला: एकदाच लिहा. पुढे नुसतं 'दुसरे प्रतिपिंड'.