पेल्टिअर मॉड्यूल पाच मिनिटांत कोमट का होतं?

प्रश्न: टीईसी१-१२७०६ पेल्टिअर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चपटी चौकोनी पट्टी), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. गरम बाजूला लहान ॲल्युमिनियम हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा), पंखा नाही. सुरू करताच थंड बाजूवर दव धरतं, पण पाच मिनिटांत तीच बाजू कोमट होते. मॉड्यूल गेलं का?

उत्तर १: मॉड्यूल ठीक आहे, उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. १२ व्होल्टवर ते साधारण ५० वॉट वीज खातं. गरम बाजूवर ही सगळी वीज आणि थंड बाजूकडून ओढलेली उष्णता, दोन्ही येऊन पडतात. हीटसिंक तापला की थंड बाजूही त्याच्यामागोमाग वर चढते. हीट पाइपवाला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा, संगणकात वापरतात तो सीपीयू कूलर लावा. आणि कृपा करून पंख्याशिवाय चालवू नका. आतलं सोल्डर वितळलं की मॉड्यूल कायमचं संपलं.

उत्तर २: थर्मल पेस्टही (मॉड्यूल आणि हीटसिंक यांच्यामधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप) तपासा. दोन्ही बाजूंना पातळ, एकसारखा थर हवा. स्क्रू आलटूनपालटून अर्धा अर्धा फेरा आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर मॉड्यूलचं सिरॅमिक तडकतं.

उत्तर ३: थर्मोस्टॅटने पूर्ण बंद-चालू करू नका. बंद होताच हीटसिंकची उष्णता मॉड्यूलमधूनच उलट थंड बाजूला येते. त्यापेक्षा व्होल्टेज कमी करून सतत चालू ठेवा. ६-८ व्होल्टवर दर वॉटमागे गारवाही जास्त मिळतो. कडांना सिलिकॉन भरा, नाहीतर दवाचं पाणी आत शिरून जोड गंजतात.