पदवीच्या रिसायटलसाठी बेथोव्हेनचा ओपस ११० : शेवटचा फ्यूग पाठ कसा करावा?

रेवा_प

नमस्कार. मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पियानोवादन हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. वसंत सत्रात माझे ज्युनिअर रिसायटल, म्हणजे तिसऱ्या वर्षाची एकल मैफल, आहे आणि त्याआधी काही आठवडे संपूर्ण कार्यक्रम प्राध्यापकांच्या समितीसमोर वाजवून मंजूर करून घ्यावा लागतो. बाखचा एक प्रील्यूड व फ्यूग, बेथोव्हेनचा ए-फ्लॅट मेजर सोनाटा ओपस ११० आणि शोपँचे जी मायनर बॅलड असा अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळाचा कार्यक्रम ठरला असून तो सगळा पाठ वाजवणे बंधनकारक आहे.

माझी अडचण ओपस ११० च्या शेवटच्या भागातल्या फ्यूगची आहे. फ्यूग म्हणजे एकच छोटी सुरावट, म्हणजे 'विषय', एकामागून एक निरनिराळ्या ओळींत, म्हणजे 'आवाजां'त, येते आणि त्या ओळी एकमेकींत गुंफल्या जातात अशी रचना. इथे असे तीन आवाज आहेत आणि फ्यूग दोनदा येतो. बॅलड हातात पक्के बसले आहे, पण हा फ्यूग खोलीत एकटी असताना नीट होतो आणि वर्गात चार जणांसमोर बसले की दुसऱ्या फ्यूगमध्ये, म्हणजे विषय उलटा येतो तिथे, पुढचा सूर कोणता हेच आठवेनासे होते. पुण्यात माझे सगळे शिक्षण लंडनच्या ट्रिनिटी या संस्थेच्या संगीत परीक्षा देत झाले. तिथे नोटेशन समोर ठेवून वाजवण्याची मुभा असते, त्यामुळे पाठांतर ही वेगळी शिकण्याची गोष्ट आहे हे इथे आल्यावरच कळले. प्रत्येक आवाज सुटा वाजवून पाहा, असे माझे प्राध्यापक सांगतात. ते मी करते, पण तिन्ही आवाज एकत्र आले की पुन्हा बोटांच्या सवयीवरच सगळे चालते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. कार्यक्रमाचा क्रम कसा असावा, याबद्दलही मत कळले तर बरे होईल.

मंद्रसप्तक

रेवा, तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. बॅलडमध्येही मुख्य विषय पुन्हा पुन्हा येतो, पण दरवेळी त्याचा पेहराव इतका बदललेला असतो की आपण कुठे आहोत हे हातालाच समजते. दुसरा विषय आधी ई-फ्लॅट मेजरमध्ये हळुवार येतो आणि नंतर ए मेजरमध्ये भरगच्च कॉर्ड्समध्ये (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांत) येतो, तेव्हा या दोहोंची गल्लत होणे अवघड असते. फ्यूगमध्ये नेमके उलटे घडते. तोच विषय, जवळपास त्याच बोटांखाली, वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी पुढे वेगळ्या वाटेला वळतो. बोटांच्या सवयीला हे फाटे ओळखता येत नाहीत. घरी ती निभावून नेते, कारण तिथे मन मध्ये पडत नाही. समोर माणसे असली की मन मध्ये पडते, आणि त्या क्षणी त्याला सांगण्यासारखी कोणतीही माहिती आपण पुरवलेली नसते.

म्हणून आवाज सुटे वाजवण्याऐवजी ते सुटे गा, आणि तेही सरगममध्ये गा, असे मी सुचवेन. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या कानावर सरगम लहानपणापासून असते आणि इथे ती फार उपयोगी पडते. ए-फ्लॅटला सा माना. पहिल्या फ्यूगचा विषय म्हणजे सा-म, रे-प, ग-ध अशा मध्यमाच्या अंतराच्या तीन उड्या आणि त्यानंतर प-म-ग अशी पायरीपायरीची उतरण. दुसरा फ्यूग जी मेजरमध्ये आहे. तिथे जी या सुराला सा माना, म्हणजे उलटा विषय प-रे, म-सा, ग आणि मंद्र नी, आणि मग सा-रे-ग असा येतो. चढाच्या जागी उतार आणि उताराच्या जागी चढ आला, पण गंधार मात्र दोन्हीकडे आपल्या जागेवर राहिला, जणू त्याच्यापाशी आरसा धरला आहे. हे एकदा गळ्यातून निघाले की उलटा विषय ही नव्याने घोकायची अनोळखी सुरावट राहत नाही.

त्यानंतरची पायरी अशी की एक आवाज गायचा आणि उरलेले दोन वाजवायचे. तिन्ही आवाजांची पाळी लावा आणि मधल्या आवाजाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तो कधी उजव्या हाताकडे तर कधी डाव्याकडे जातो आणि बहुतेक वेळा पाठांतर तिथेच तुटते. हे सुरुवातीला अतिशय संथ लयीत आणि चारचार मात्रांच्या तुकड्यांत करावे लागेल. ते जमले की कोरा स्टाफचा कागद घ्या आणि पियानोपासून दूर बसून फ्यूग आठवणीने लिहून काढा. जिथे लेखणी अडते ती जागा तुम्हाला अजून येत नाही, मग बोटे काहीही सांगोत. वाद्याला हात न लावता केवळ स्वरलिपी वाचून रचना डोक्यात बसवण्यावर पियानोवादक गीझेकिंग आणि त्यांचे गुरू लायमर यांचा भर होता, आणि या फ्यूगइतकी त्या पद्धतीला योग्य रचना क्वचितच सापडेल.

आणखी एक. दोन फ्यूगमधला सांधा नीट समजून घ्या. पहिला फ्यूग ई-फ्लॅटवरच्या डॉमिनंट सेव्हन्थपाशी, म्हणजे 'सा'कडे परतण्याची ओढ लावणाऱ्या कॉर्डपाशी, येऊन थांबतो. आता ए-फ्लॅट येणार असे वाटत असतानाच बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, अर्ध्या सुराने डीवर उतरतो आणि पहिल्या फ्यूगच्या आधी येऊन गेलेला शोकाकुल आरिओझो, म्हणजे गाण्यासारखा संथ भाग, जी मायनरमध्ये पुन्हा सुरू होतो. या वेळी त्याची ओळ मध्येमध्ये विरामांनी तुटलेली आहे, जणू गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही. मग जी मेजरचा एकच कॉर्ड हळूहळू मोठा होत पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्यातून उलटा विषय उगवतो. पुढे विषय एका आवाजात जलद आणि त्याच वेळी दुसऱ्यात संथ असा येतो, आणि अखेरीस ए-फ्लॅट परतल्यावर तो मूळ रूपात बासमध्ये अष्टकांत उभा राहतो. ही सगळी कथा तोंडी सांगता आली पाहिजे. जो वादक हे सांगू शकतो तो सहसा हरवत नाही, आणि हरवला तरी कुठे जाऊन मिळायचे हे त्याला माहीत असते.

उत्तररात्र

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. एक व्यावहारिक मुद्दा जोडतो. सरावाच्या खोल्यांत तुम्हाला अपराइट (उभा, भिंतीलगतचा) पियानो मिळत असेल, तर उलट्या फ्यूगची अडचण काही अंशी तिथूनही येत असावी. बेथोव्हेनने ती सुरुवात 'ऊना कोर्दा', म्हणजे डावे पेडल दाबून वाजवायला सांगितली आहे आणि पुढे ते हळूहळू सोडायला सांगितले आहे. ग्रँड पियानोवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) हे पेडल दाबले की सगळा कीबोर्ड किंचित बाजूला सरकतो आणि हातोडीचा तारांवर पडणारा भाग बदलतो, त्यामुळे आवाजाचा पोतच वेगळा होतो. अपराइटवर त्याच पेडलने हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात. आवाज कमी होतो, पण पट्टीचा स्पर्श निराळाच लागतो. एका स्पर्शावर पाठ केलेला भाग दुसऱ्या स्पर्शावर परका वाटला तर नवल नाही. सभागृहातला पियानो अर्धा तास जरी मिळाला तरी तो वेळ बॅलडवर न घालवता दुसऱ्या आरिओझोपासून शेवटापर्यंतच्या भागाला द्या.

क्रमाबाबत माझे मत असे की बाख आधी, मग ओपस ११० आणि शेवटी बॅलड. ओपस ११० ने सांगता करण्याचा मोह मला समजतो, कारण त्याच्या अखेरीनंतर दुसरे काही ऐकू नये असे वाटते. पण बॅलडचा शेवटचा 'प्रेस्तो कॉन फुओको' भाग वाजवल्यावर दंड आणि मन दोन्ही शिणलेले असतात, आणि तीन आवाजांचा फ्यूग तशा अवस्थेत सुरू करू नये.

स्वरलिपी समोर ठेवण्यात कमीपणा आहे असे मी मानत नाही. पाठ वाजवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात क्लारा शुमान आणि लिस्ट या पियानोवादकांच्या काळात रुजली, आणि विसाव्या शतकात रिख्टरसारख्या वादकाने उतारवयात अंधाऱ्या मंचावर छोटा दिवा लावून, नोटेशन समोर ठेवून मैफली केल्या. तुमच्या विभागाचा नियम पाळावाच लागेल, पण पाठ वाजवणे म्हणजेच थोर वाजवणे असा समज करून घेऊ नका.

रेवा_प

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सरगमची युक्ती कालच करून पाहिली. विषय लगेच आला, पण मधला आवाज गाताना उजवा हात थांबतो, म्हणजे दुखणे तिथेच आहे. अपराइटबद्दलचे निरीक्षणही खरे आहे. आमच्या बहुतेक खोल्यांत तेच आहेत. आता एकच शंका उरते. एवढे करूनही प्रत्यक्ष मंचावर विसरायला झाले तर काय करावे?

शततंत्री

त्याचीही तालीम करावी लागते. फ्यूगमध्ये विषय जिथे जिथे प्रवेश करतो, त्या प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने क्रमांक घाला आणि त्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या करा. रोज चिठ्ठी उचलायची आणि जो क्रमांक निघेल तिथून, नोटेशन न पाहता, योग्य लयीत सुरुवात करायची. सुरुवातीला हे फार त्रासाचे वाटते, कारण नेहमी पहिल्यापासून वाजवणाऱ्याला मधली दारे उघडता येत नाहीत. ते जमू लागले की मैत्रिणीला शेजारी बसवा. तिने वाटेल तेव्हा टाळी वाजवावी आणि तुम्ही त्या क्षणी पुढच्या क्रमांकावर उडी घ्यावी. कायम पुढेच जायचे. मागे जाऊन अडलेली जागा पुन्हा वाजवण्याची सवय सरावात असेल, तर मंचावरही हात मागेच जातील, आणि फ्यूगमध्ये मागे गेले की माणूस त्याच फाट्यावर पुन्हा येऊन पोहोचतो.

मंजुरीच्या बैठकीपूर्वी हा सोनाटा निरनिराळ्या लोकांसमोर, निरनिराळ्या पियानोंवर वाजवा. चर्चचे सभागृह, ज्येष्ठांचे निवासस्थान, वर्गमित्रांची बैठक, काहीही चालेल. बोटे गरम न करता, बाहेरून येऊन कोट काढून थेट बसायचे, अशीही एखादी फेरी ठेवा. दरवेळी ध्वनिमुद्रण करा आणि ऐकताना फक्त मधल्या आवाजाकडे लक्ष ठेवा. तो कुठे पुसट झाला ते तुम्हाला ऐकू येईलच. दुसऱ्या दिवशीचा सराव त्या जागेपासून सुरू करा.