मदत हवी आहे: रीइश्यू एलपीवर लिसा जेरार्डचा आवाज बाप्यासारखा जड येतोय

टिळकवाडी_रात्र: लिसा ज्यात गाते त्या डेड कॅन डान्स बँडच्या पहिल्या अल्बमची रीइश्यू, म्हणजे नव्यानं काढलेली एलपी मागवली, मूळ अल्बम १९८४चा, फोरएडी या कंपनीचा. सगळी गाणी पेंगत चालल्यागत येतायत आणि लिसाचा आवाज पार खाली गेलाय. कॉलेजात कॅसेटवर हा अल्बम पाठ झालेला, त्यामुळे माझे कान चुकत नाहीत. परत करायची मुदत परवा संपते, प्रेसिंगच, म्हणजे रेकॉर्डची छपाईच खराब ना? लवकर सांगा.

खानापूरचा_पाऊस: सुई बघ. आमच्याकडं पावसात रेकॉर्डींना बुरशी धरते, डिस्टिल्ड वॉटरनं पुसून घे आधी.

टिळकवाडी_रात्र: कोरी आहे ओ, बुरशी कुठली!

निपाणी७७: निओक्लासिकल, म्हणजे जुन्या शास्त्रीय वळणाचा म्हणून घेतलास काय? हा तर पोस्ट-पंक, पंकनंतरचा गिटार-ड्रमचा रॉक. ते देवळात घुमल्यासारखं गाणं १९८५च्या दुसऱ्या अल्बमपासनं.

शहापूर_संतूर: नाही पटत. बिनशब्दांचं गाणं लिसा इथंही गाते, तराणा ऐकलेल्या माणसाला ते लगेच भिडतं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, त्यांची निर्गुणी भजनं ऐक आणि मग हे लाव, अंगावर काटा येतो.

उद्यमबाग_लेथ: ते राहू दे. प्लेअर कुठला? स्पीड ३३वरच आहे ना? दुसरी रेकॉर्ड लावून बघितलीस?

टिळकवाडी_रात्र: ३३वरच. दुसरी रेकॉर्ड नाही. प्लेअर काकांनी न्यू जर्सीहून आणलेला, बेल्टचा, जुना. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावलाय, तो प्रश्न नाही.

उद्यमबाग_लेथ: तोच प्रश्न आहे मर्दा, हे आधी सांगायचं की! ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाची आवर्तनं नाही. तिकडं ६०, इकडं ५०, आणि जुनी एसी मोटर हर्ट्झवर फिरते, म्हणून इथं हळू.

खानापूरचा_पाऊस: स्टॅबिलायझर लावला की झालं. आमच्या पंपाला लावलाय.

उद्यमबाग_लेथ: स्टॅबिलायझरनं पण हर्ट्झ बदलत नाहीत ओ. लेबलवर कागदाचा कपटा चिकटव आणि एका मिनिटात किती फेरे होतात मोज. ३३ पाहिजेत, तुझे २८च्या आसपास येणार.

टिळकवाडी_रात्र: दोनदा मोजले. २८!! रेकॉर्ड परत करत नाही. आता काय करू?

उद्यमबाग_लेथ: मोटरची पुली काढून घेऊन ये. बेल्ट बसतो तिथला व्यास १.२ पट करून लेथवर नवी काढू. जुनी फेकू नको, माप तिच्यावरनंच घ्यायचंय.

निपाणी७७: तरी तो पोस्ट-पंकच.

टिळकवाडी_रात्र: उद्या सकाळी दहाला येऊ? कुठल्या गेटनं?