'कोसला'चा गावाकडचा भाग
पुण्यातला भाग संपला की भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी रेंगाळते, असं कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. होस्टेल, मेस, परीक्षा हे मजेचं आहेच, पण नेमाडे खरे सापडतात ते नायक पांडुरंग आपल्या गावी, सांगवीला परतल्यावर. (सांगवी आहे बरं का खरोखर, यावल तालुक्यात. नेमाड्यांचं जन्मगाव.)

रावेरला ओट्यावर बसून मी काकांना ही पानं मोठ्याने वाचून दाखवली. केळीच्या भावापलीकडे ते काही वाचत नाहीत. बाप-लेकाची कुरबुर आली तसे शेंगा फोडता फोडता म्हणाले, "हा तर आपल्या आण्णासारखाच बोलतो!" पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं काढली तेव्हा मात्र नको म्हणाले. १९६३ची कादंबरी, तीही पंचविशीतल्या पोराची. रेंगाळते वाटत असेल तर एकदा मोठ्याने वाचून बघा.