मंडळाच्या खात्यातून गेलेली मेल, आणि फॉन्टची भानगड

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

काल रात्री अकराच्या सुमारास मंडळाच्या खात्यातून बऱ्याच जणांना इंग्रजीत एक मेल गेली आहे. 'मोकळे आहात का? छोटं काम आहे, मी मीटिंगमध्ये असल्यामुळे फोन घेता येणार नाही' अशा अर्थाची, खाली अध्यक्षांचं नाव. ज्यांनी उत्तर दिलं त्यांना लगेच पुढची आली: वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमासाठी १०० डॉलरची पाच गिफ्ट कार्डं घ्या, मागची पट्टी खरवडून नंबराचा फोटो पाठवा, पैसे सोमवारी देतो.

अध्यक्षांनी ही मेल पाठवलेली नाही. उत्तर देऊ नका. कुणी कार्डं घेतली असतील तर पावती जपून ठेवा आणि आधी कार्डाच्या कंपनीला फोन करा, मग मला. यात लाजण्यासारखं काही नाही.

खात्याचा पासवर्ड मी सकाळीच अण्णांना सांगून बदलून घेतला आहे.

---

प्रेषक: नंदामावशी

मला वाचल्या वाचल्या शंका आली. अध्यक्ष गेली अठरा वर्षं मला 'मावशी, एक विनंती होती' अशीच मेल लिहितात, आणि विनंती कधीच एक नसते. इथे एकदम 'डिअर'! वर 'काइंडली'! आमच्या अध्यक्षांनी काइंडली काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पण खरं सांगायचं तर ह्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली होती.

---

प्रेषक: मिहिर

सचिवसाहेब, दोन प्रश्न. खातं नेहमी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडं असतं? आणि पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलला का? तसं असेल तर नवा पासवर्डही गेला असं धरून चाला. ज्या घरात चोर बसलाय त्याच घरात बसून आपण कुलूप बदलतोय.

---

प्रेषक: अण्णा

मिहिर, तो कॉम्प्युटर माझा. स्मरणिकेचे लेख मंडळाच्या खात्यावर येतात म्हणून ते माझ्या लॅपटॉपवर कायम उघडं असतं. आणि हो, पासवर्ड तिथूनच बदलला.

आता कबुलीजबाब. जुना लॅपटॉप गेला, त्याच्याबरोबर माझं गूगलचं मराठी टायपिंगही गेलं. 'मी' लिहायला एम-आय दाबायचं, दहा वर्षांची सवय. नव्यावर ते टाकायला शोधलं तर गूगलच्या पानावर सापडेना, पण दुसऱ्या एका साइटवर 'ऑफलाइन इन्स्टॉलर, सोबत ५०० मराठी फॉन्ट मोफत' असं दिसलं. दोघातिघांनी लेख जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेत, ते माझ्याकडे नुसते कंस आणि टिंबं दिसतात. म्हटलं, देवच पावला.

फाइल झिप होती, उघडायला पासवर्ड १२३४. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा, भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरला तो चुकून व्हायरस समजतो. मला ते पटलं. आपल्या भाषेला हे लोक कशालाही काहीही समजतात. मग निळी पाटी आली, 'विंडोजने तुमचा पीसी वाचवला' अशी. तिच्यात 'मोअर इन्फो' दाबून 'रन एनीवे' केलं. काळी खिडकी क्षणभर चमकली आणि गेली. फॉन्ट नाही, टायपिंग नाही, काही नाही. वाटलं फाइल नीट चालली नसेल. म्हणून पुन्हा चालवली.

---

प्रेषक: मिहिर

अण्णा, मोकळेपणाने सांगितलंत म्हणून निम्मं काम झालं. बहुतेक लोक दुसऱ्यांदा चालवल्याचं सांगत नाहीत.

झिपला पासवर्ड असतो तो तुमच्या सोयीसाठी नाही. कुलूपबंद झिपच्या आत ब्राउझरला किंवा अँटिव्हायरसला सहसा बघता येत नाही, म्हणून ती वाटेत अडत नाही. आत गेल्यावर अडू नये म्हणून अँटिव्हायरस तुमच्याच हाताने बंद करायला लावतात. आणि फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्ट म्हणून ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, मिळाली तर ती न उघडता टाकून द्यायची.

लक्षणांवरून हा माहितीचोर प्रकारातला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, वाटतो. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करून पाठवतो. काही वेळा हे मिनिटभरात उरकतं. कुकी म्हणजे आपण गणपतीच्या कार्यक्रमाला दारावर मनगटाला बांधतो तो कागदी पट्टा. एकदा बांधला की आतबाहेर करताना तिकीट कुणी विचारत नाही. चोराने तुमचा पट्टाच उचलला. त्यामुळे फोनवर कोड येण्याची व्यवस्था चालू असूनही तुम्हाला काही कळलं नाही. त्याला कोणी कोड विचारलाच नाही.

आता क्रम महत्त्वाचा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. सचिवांनी स्वतःच्या फोनवरून मंडळाच्या खात्याचा पासवर्ड पुन्हा बदलायचा आणि खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं, म्हणजे जुने पट्टे रद्द. मग मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासायचे. हे लोक जाताना एखादा नियम ठेवून जातात: 'बँक' शब्द असलेली मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून पुसा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि मेल बदललीय का तेही बघा. अण्णा, तुमची स्वतःची बँक, मेल, सगळ्याचे पासवर्ड काकूंच्या फोनवरून बदला.

लॅपटॉपवर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवता येतो, पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. शनिवारी येतो, फोटो आणि लेख बाजूला काढू आणि विंडोज नव्याने टाकू.

---

प्रेषक: खजिनदार

मंडळाच्या बँक खात्याची लॉगिन माझ्याकडेच आहे, अण्णांच्या लॅपटॉपवर कधीच नव्हती. तरी सकाळी बँकेला कळवलं आहे.

एक विचारतो. आपण सगळे पैसे जमवून चांगला अँटिव्हायरस का घेत नाही? आमच्याकडे कॅस्परस्की होता, तो आपोआप दुसराच झाला. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील घेतलं तर मराठी माणसाला हातभारही लागेल.

---

प्रेषक: मिहिर

कॅस्परस्कीवर अमेरिकन सरकारने २०२४ मध्ये बंदी घातली. २० जुलैपासून नवी विक्री बंद, २९ सप्टेंबरनंतर अपडेटही बंद. इथल्या ग्राहकांच्या मशीनवर त्या सुमारास दुसरा अँटिव्हायरस बसवला गेला, तो तुम्हाला दिसला.

क्विक हीलबद्दल अभिमान मलाही आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून तिथवर जाणं सोपं नाही. पण विंडोजमध्ये डिफेंडर आयता असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. अण्णांच्या घटनेत अँटिव्हायरस कमी पडला नाही, त्याला बाहेर उभं केलं होतं.

पैसे खर्चायचेच असतील तर हॉलच्या प्रोजेक्टरला जोडतो त्या जुन्या लॅपटॉपवर खर्चा. तो अजून विंडोज १० वर आहे. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ती नोंदणी आपण केलीय का? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर आला आणि ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता.

---

प्रेषक: सुजाता

अण्णा, तुम्ही जे शोधत होतात ते गूगलने विंडोजसाठी कधीच बंद केलं. आता 'ऑफलाइन इन्स्टॉलर' म्हणून मिळतं ते कुणीतरी कुठूनतरी उचलून ठेवलेलं, आणि आत काय भरलंय देव जाणे. मराठी शाळेच्या पालकांनाही मी हेच सांगून थकले.

काही उतरवायची गरजच नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा आणि तिच्या ऑप्शनमध्ये कीबोर्ड म्हणून मराठी फोनेटिक घ्या. एम-आयने 'मी'च्या जवळपास पोचता. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी पालटतं. फॉन्ट हवे तर गूगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी असे सुरेख आहेत. मुक्त आणि बलू मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेत, फुकट आणि कायदेशीर. ज्यांचे लेख कंस-टिंबांत आलेत त्यांच्याकडून सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असे, मागवा, नाहीतर छापील पानाचा फोटो मागवा. मी बसून टाइप करीन.

---

प्रेषक: नंदामावशी

विषय निघालाच आहे तर. सांगलीच्या माझ्या चुलत दिरांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीचाच. उघडायला गेले तर पत्रिका नाही, फोन म्हणतो ॲप बसवू का. त्यांनी बसवलं, कारण लग्न कुणाचं ते कळेना! त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. थोडक्यात वाचले, मुलाने फोन हिसकावून बंद केला.

---

प्रेषक: मिहिर

मावशी, त्या फाइलच्या शेवटी एपीके असणार. ते अँड्रॉइड ॲप. मेसेज वाचायला मिळाले की बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. ओळखीचा नंबर यासाठी की त्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो. पैसे गेलेच तर भारतात लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, इथे अमेरिकेत एफबीआयच्या आयसी३ या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार. दोन्हीकडे उशीर महागात पडतो.

---

प्रेषक: सचिव

मिहिरने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. फिल्टरमध्ये खरोखरच एक नियम सापडला: विषयात 'फसवणूक' किंवा इंग्रजीत 'स्कॅम' असेल ती मेल थेट कचऱ्यात. म्हणूनच काल रात्री ज्यांनी मेल लिहून इशारा दिला, त्यांची उत्तरं आम्हाला दिसली नाहीत. माफ करा. मराठी शब्दही घातला होता, हे विशेष.

यापुढे मंडळ मेलवरून पैसे किंवा कार्डं मागणार नाही. मागितलीच तर अध्यक्षांच्या घरी फोन करा. तो नंबर त्या मेलमधून घ्यायचा नाही, जुन्या डायरीतून घ्या.

---

प्रेषक: अण्णा

मिहिर शनिवारी सकाळी आला, संध्याकाळी पोहे खाऊन गेला. लॅपटॉप कोरा झाला. जाताना त्याने मला रोजच्या वापराला साधं खातं करून दिलं आणि ॲडमिनचा पासवर्ड काकूंकडे दिला. म्हणजे आता काहीही बसवायचं तर मला स्वयंपाकघरात अर्ज करावा लागतो.

सुजाता, तुझा फोनेटिक बसवला. ही मेल त्यावरच लिहितोय. बाकी जमतंय, पण लेखाचं नाव 'वार्यावरची वरात' असं येतंय. मधला र तसा नकोय गं. तो कसा काढायचा?