बाबांचं पूर्ण जठर काढायचंय, ऑपरेशनआधी काय तयारी करावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. बाबा ६३ वर्षांचे, जठराचा कॅन्सर. केमोच्या चार सायकल झाल्या, आता चार आठवड्यांनी ऑपरेशन. जठर पूर्ण काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडणार आहेत. वजन ७१ वरून ६२ वर आलंय, बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही. मी एकटीच मुलगी, डॉक्टरांसमोर बसलं की प्रश्नच आठवत नाहीत. घरात कुणाचं झालं असेल तर सांगा, काय करू? धोका नेमका कशाचा?

ओसरी
ताई, माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालंय. हे चार आठवडे फार मोलाचे आहेत, नुसते वाट बघण्यात घालवू नका. बिडी आजच बंद. पोटावर टाके असले की खोकायला दुखतं, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, ते आणा. त्यात फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची आणि गोळ्या जमेल तितका वेळ वर धरायच्या. आई पहिले आठ दिवस फुंकतच होती, फिजिओथेरपिस्टनी पाहिलं तेव्हा कळलं. रोज चालवा, अंडी, डाळ, पनीर थोडं थोडं पण सारखं द्या. जेवण उतरतच नसेल तर आत्ताच सर्जनना सांगा, नळीने आहार देता येतो.

वॉर्डातली_ताई
मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. सगळ्यात जास्त भीती असते ती जोड गळण्याची, आणि ती बहुतेक पहिल्या आठ-दहा दिवसांत. ताप, नाडी जोरात, दम लागणं, छातीत किंवा डाव्या खांद्यात दुखणं, ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढायला लावलेल्या नळीच्या) पाण्याचा रंग बदलणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघू नका, लगेच बोलवा. रक्तस्राव आणि पायात गुठळी हेही धोके आहेत, म्हणून दुसऱ्या दिवसापासून उठवून चालवतात. बाबा कुरकुरतील, तरी चालू द्या. रक्त पातळ करणारी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि सर्जनना बिनधास्त विचारा की अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात. ते रागावत नाहीत.

ओसरी
नंतरच्या जेवणाचं राहिलं. आमच्याकडे आमटीची छोटी वाटी हेच माप, दिवसातून सात वेळा. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. एकदा आईने सणाला शिरा खाल्ला आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. जठर नसल्याने गोड एकदम आतड्यात उतरतं, त्याला डंपिंग म्हणतात. कधी जेवणानंतर दोन तासांनी साखर उतरून थरथरायला होतं, म्हणून तिच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या असतात. बी-१२ चं इंजेक्शन मात्र जन्मभर. ते शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो, आणि साठा संपायला एक-दोन वर्षं लागतात, त्यामुळे बरं वाटलं की लोक ते विसरतात.

कृष्णाकाठ
दोघींचे मनापासून आभार. प्रश्न वहीत लिहून घेतले. यंत्र आणलं, बाबा फुंकतच होते. उलटं करून दाखवलं, आज संध्याकाळी दोन गोळ्या वर गेल्या. बिडीचं बंडल त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिलं.